अँटिव्हायरसच्या टेम्प फाइली साठून सी ड्राइव्ह लाल झालाय, काय करू?

झेरॉक्सवाला | सोमवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावी माझं झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. दोन मशीन. त्यातल्या एकाचा सी ड्राइव्ह आज सकाळी लाल झाला. १११ जीबीपैकी ४०० एमबी शिल्लक. अकरावीचे फॉर्म चालू आहेत, बाहेर पोरं आणि पालक रांगेत उभे, आणि पीडीएफ सेव्ह करायला गेलं की डिस्क फुल. घाम फुटला.

दुपारी जरा उसंत मिळाली तेव्हा शोधत बसलो. विंडोज फोल्डरच्या आतलं टेम्प उघडलं तर जत्राच भरलेली. हिडन फाइली दाखवा म्हटल्यावर अजून शेकडो बाहेर आल्या, आणि त्या सगळ्यांचं आडनाव एकच! ई टी आय एल क्यू एस, मग अंडरस्कोर, मग पंधरा अक्षरांची खिचडी. एक्स्टेन्शन नाही. नोटपॅडमध्ये उघडली तर आत काहीच नाही. बहुतेक डिलीट होतील असं वाटतंय, पण दोन-तीन हटत नाहीत, दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे म्हणतात.

माझा संशय अँटिव्हायरसवर आहे. पेन ड्राइव्ह लावला की तो घरघर करतो आणि तेव्हाच या फोल्डरची हालचाल दिसते. (कंपनीचं नाव घेत नाही, धागा भलतीकडे जाईल.) हा व्हायरस आहे की अँटिव्हायरसनेच केलेला कचरा? सगळं सिलेक्ट करून शिफ्ट-डिलीट मारू का?

विंडोज ७ आहे, आधीच सांगतो. शिव्या घाला पण उत्तर द्या.

---

पुणेरी_पाटी | सोमवार, रात्री १०.०२

विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. इथे चौकशी करू नये.

---

झेरॉक्सवाला | सोमवार, रात्री १०.०५

माहीत आहे हो. अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर फक्त यावरच चालतो. दुसऱ्या मशीनवर १० आहे.

---

सोलापुरी_चादर | सोमवार, रात्री १०.२०

भाऊ, सोपं आहे. रजिस्ट्री क्लीनर टाका, एक क्लिक मारा, मशीन नवीन. आणि अँटिव्हायरसच्या सेटिंगमध्ये जाऊन टेम्प फोल्डर स्कॅनमधून वगळा, म्हणजे परत तिथे काही बनवणारच नाही.

---

रिकामटेकडी | सोमवार, रात्री १०.४१

चादरभाऊ, राग मानू नका, पण दोन्ही सल्ले परत घ्या.

रजिस्ट्री क्लीनरचा आणि डिस्कवरच्या जागेचा काही संबंध नाही. आणि टेम्प वगळायचा म्हणजे चोर ज्या खिडकीतून येतो तिथलाच वॉचमन हलवायचा. डाउनलोड झालेलं, झिपमधून उघडलेलं, मेलमधून आलेलं सगळं आधी टेम्पमध्येच उतरतं. दुकानात दिवसाला पन्नास पेन ड्राइव्ह लागतात, तिथे तर मुळीच करू नका.

झेरॉक्सवाले, आता तुमच्याकडे वळते. त्या फाइलींचं नाव उलटं वाचा.

---

झेरॉक्सवाला | सोमवार, रात्री १०.४४

एस... क्यू... एल... आय... टी... ई. एस्क्यूलाइट??

---

अर्धवट_इंजिनीअर | सोमवार, रात्री १०.४६

आईशप्पथ. वीस वर्षं बघतोय ही नावं, कधी उलटं वाचायचं सुचलं नाही. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

---

रिकामटेकडी | सोमवार, रात्री ११.१५

बरोबर. एस्क्यूलाइट हा एक छोटासा डेटाबेस आहे. स्वतंत्र प्रोग्रॅम म्हणून तो फारसा कोणाला दिसत नाही, दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरच्या पोटात बसलेला असतो. ब्राउझरमध्ये आहे, तुमच्या फोनमध्ये आहे, अँटिव्हायरसमध्येही असतो. मोठी क्वेरी चालवताना किंवा मधला हिशेब ठेवताना त्याला रफ वही लागते. ती वही म्हणजे ही टेम्प फाइल.

आता नाव उलटं का, याची गोष्ट ऐका. ती त्यांच्याच सोर्स कोडमधल्या कॉमेंटमध्ये लिहिलेली आहे, कोणीही वाचू शकतं. पूर्वी या फाइलींचं नाव सरळ होतं, एस्क्यूलाइट अंडरस्कोर वगैरे. मग मॅकॅफीने आपल्या अँटिव्हायरसमध्ये हा डेटाबेस वापरायला घेतला आणि जगभरच्या विंडोजवाल्यांच्या सी ड्राइव्हमधल्या टेम्पमध्ये या नावाच्या फाइली दिसायला लागल्या. लोक वैतागले. गूगलवर नाव टाकलं, डेव्हलपरचे फोन नंबर सापडले, आणि लागले रात्री-बेरात्री फोन करून उठवायला, तुमची फाइल माझ्या मशीनवर काय करतेय म्हणून. बिचाऱ्यांचा त्या अँटिव्हायरसशी काडीचा संबंध नाही. शेवटी ऑक्टोबर २००६ मध्ये त्यांनी नाव उलटं केलं. हिशेब असा, की ज्याला उलटं वाचायचं सुचेल त्याला एवढंही कळेल की डेव्हलपरला फोन करून फाइल जात नाही.

म्हणजे तुम्ही आज जे केलंत ते लोक वीस वर्षांपूर्वीपासून करताहेत. फक्त तुम्ही फोन न करता धागा काढलात.

---

तात्या_टायपिस्ट | सोमवार, रात्री ११.२०

हसून हसून पुरेवाट. दंडवत घ्या ताई. वाचनखूण साधली आहे.

---

झेरॉक्सवाला | सोमवार, रात्री ११.२८

हे भारीच आहे. पण ताई, मग फाइल कोणाची ते कसं कळणार? एस्क्यूलाइट क्रोममध्येही आहे म्हणता. मी उगाच अँटिव्हायरसला बोल लावतोय का?

---

रिकामटेकडी | सोमवार, रात्री ११.५२

चांगला प्रश्न. पहिली खूण ठिकाणाची. विंडोजमध्ये टेम्प दोन ठिकाणी असतं. एक तुमच्या युजरच्या ॲपडेटामध्ये, लोकलच्या आत. तुम्ही स्वतः उघडलेले प्रोग्रॅम, म्हणजे ब्राउझर, वर्ड वगैरे, तिथे लिहितात. दुसरं विंडोज फोल्डरमधलं. तिथे सिस्टिमच्या नावाने चालणाऱ्या सर्व्हिस लिहितात. क्रोम तिकडे जात नाही. अँटिव्हायरसचं मुख्य इंजिन सर्व्हिस म्हणून चालतं, त्यामुळे तुमचा संशय बराचसा योग्य जागी आहे.

पक्का पुरावा हवा तर विंडोज ७ मध्येच सोय आहे, काही डाउनलोड करायला नको. स्टार्टमध्ये रिसोर्स मॉनिटर शोधा, ॲडमिन म्हणून उघडा. सीपीयूच्या टॅबवर खाली 'असोसिएटेड हँडल्स' असं आहे, त्याच्या शोधपट्टीत ती सहा अक्षरं टाका. ज्या दोन-तीन फाइली हटत नाहीत म्हणालात, त्या कोणी धरून ठेवल्यात ते समोर येईल.

आणि एक. त्या फाइलींचा एकूण आकार किती? हे तुम्ही सांगितलंच नाही.

---

झेरॉक्सवाला | मंगळवार, सकाळी ९.३५

दुकान उघडल्या उघडल्या पहिलं हेच केलं, गिऱ्हाईक नंतर.

रिसोर्स मॉनिटरमध्ये तीन ओळी आल्या. तिन्हींच्या डाव्या बाजूला अँटिव्हायरसच्याच सर्व्हिसचं नाव. चोर सापडला!

पण आकार बघून गार पडलो. ४१२ फाइली आणि एकूण ९ एमबी. निम्म्याहून जास्त शून्य केबी. माझे तर शंभर जीबी गायब आहेत!

---

अर्धवट_इंजिनीअर | मंगळवार, सकाळी ९.५०

म्हणजे खिसेकापू पकडला आणि दरोडेखोर अजून मोकळाच आहे.

त्याच फोल्डरमध्ये 'कॅब' आणि अंडरस्कोर अशी सुरुवात असलेल्या फाइली आहेत का बघा. आकारानुसार लावा.

---

झेरॉक्सवाला | मंगळवार, सकाळी १०.०८

आहेत!! ३८० आहेत. प्रत्येक शंभर एमबीच्या आसपास. हे पण अँटिव्हायरसचं?

---

अर्धवट_इंजिनीअर | मंगळवार, सकाळी १०.४०

नाही, हे खुद्द विंडोजचं. ७ वरचं जुनं दुखणं आहे, मी तीन ठिकाणी निस्तरलंय.

विंडोज अपडेट आणि दुरुस्तीची सगळी नोंद एका लॉगमध्ये जाते. विंडोज फोल्डरमध्ये लॉग्ज, त्यात सीबीएस. लॉग मोठा झाला की विंडोज त्याची जुनी प्रत कॅबमध्ये (झिपसारखाच प्रकार) दाबून ठेवायला जातं. पण कॅबला २ जीबीच्या वरची फाइल झेपत नाही. लॉग त्यापुढे गेला की दाबण्याचं काम अर्ध्यात फसतं, आणि अर्धवट कॅब टेम्पमध्ये तशीच राहते. पुढच्या वेळी परत प्रयत्न, परत फसणं, परत एक शंभर एमबीची फाइल. मुकाट्याने वर्षानुवर्षं चालू.

नुसत्या कॅब फाइली उडवल्या तर महिन्याभरात परत येतील. आधी सर्व्हिसेसमध्ये जाऊन 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर' थांबवा. मग सीबीएस फोल्डरमधला तो दोन जीबीच्या वरचा लॉग काढून टाका. मग टेम्पमधल्या कॅब. मग मशीन रिस्टार्ट. हाच क्रम ठेवा.

---

सोलापुरी_चादर | मंगळवार, सकाळी १०.५५

मग अँटिव्हायरस सुटला का निर्दोष?

---

झेरॉक्सवाला | मंगळवार, रात्री ९.१५

निर्दोष नाही सुटला. ऐका.

कॅब गेल्या, ३८ जीबी मोकळे झाले. बाकी जागा माझ्याच स्कॅनची आणि डाउनलोडची होती, ती माझी मला लखलाभ. पण टेम्पमध्ये आकड्यांच्या नावाची काही फोल्डर राहिली, सगळी मिळून ६ जीबी. एक उघडलं. आत गावातल्याच एका लग्नाचे फोटो! हळदीपासून पाठवणीपर्यंत. दुसऱ्यात मार्कशीट आणि आधार कार्डांचे स्कॅन, एका क्लासवाल्या सरांनी पोरांचे फॉर्म भरायला झिप करून आणलेले. ती झिप मी काम झाल्यावर सरांच्या देखत डिलीट केली होती, मला पक्कं आठवतंय. रिसायकल बिनसुद्धा रिकामं केलं होतं. आणि इथे ती उघडून पसरलेली.

खरं सांगू, जागेपेक्षा याचा जास्त धसका घेतला. लोकांची आधारं माझ्या मशीनवर वर्षभर पडून होती आणि मला पत्ता नाही.

---

रिकामटेकडी | मंगळवार, रात्री ९.५८

हे मात्र अँटिव्हायरसचं असणार. झिप किंवा आरएआर तपासायची तर आतलं बाहेर काढल्याशिवाय कळत नाही. लहान असेल तर मेमरीतच उघडतात, मोठी असेल तर बरीच इंजिनं टेम्पमध्ये पसरतात, तपासतात आणि मागचं आवरतात. आवरण्याआधी काही झालं की पसारा तसाच.

खात्री करून घ्या. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समधलं प्रोसेस मॉनिटर घ्या, फुकट आहे. (७ वर जुनं व्हर्जन लागेल.) फिल्टरमध्ये पाथमध्ये विंडोज टेम्प असलेल्याच ओळी दाखव असं सांगा. मग एखादी मोठी, निरुपद्रवी झिप पेन ड्राइव्हवर घेऊन स्कॅन करा आणि नुसतं बघत बसा. कोण फोल्डर बनवतं, कोण लिहितं, कोण शेवटी पुसतं, सगळं ओळीने दिसेल.

आता उरलेला प्रश्न: ती छोटी ४१२ पिल्लं का राहिली? एस्क्यूलाइट विंडोजवर ती फाइल उघडतानाच सांगून ठेवतो, की मी बंद केली की लगेच पूस. म्हणजे पुसण्याची जबाबदारी विंडोजवर. पंगतीसारखं समजा. जेवणारा मधेच चक्कर येऊन पडला तरी वाढपी त्याची पत्रावळ उचलतो. म्हणून अँटिव्हायरस क्रॅश झाला तरी फाइल जाते. पण मांडवच कोसळला तर वाढपी कुठला? पत्रावळी तिथेच. शून्य केबीचं कारणही तेच. ती फाइल तात्पुरती आहे असं विंडोजला माहीत असतं, म्हणून जमेल तोवर मजकूर रॅममध्येच ठेवतं. डिस्कवर नुसतं नाव उरतं.

तेव्हा मला सांगा, तुमचा मांडव कधी कोसळतो?

---

झेरॉक्सवाला | मंगळवार, रात्री १०.१०

लाइट! ताई, लाइट!

थांबा, तारखा बघतो. अजून डिलीट केल्या नाहीत.

---

झेरॉक्सवाला | मंगळवार, रात्री १०.३१

अंगावर काटा आला. तयार झाल्याच्या तारखेने लावल्या आणि कॅलेंडर काढून बसलो. बायको म्हणते काय पंचांग बघताय.

जवळजवळ सगळ्या शुक्रवारच्या! वेळ सकाळी साडेनऊच्या आसपास, म्हणजे मी मशीन चालू करतो ती. आमच्याकडे शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाइट बंद असते, दहा-सव्वादहाला जाते. युपीएस आहे पण बॅटरी दोन वर्षांपूर्वीच मेली, त्यावर मी पंखा ठेवलाय. लाइट गेली की मशीन धप्पकन बंद. म्हणजे या फाइली रोज बनतात आणि रोज जातात, शुक्रवारच्या तेवढ्या उरतात. अधूनमधून दुसरे वार आहेत, ते पावसाळ्यातले.

लग्नाच्या फोटोंचं फोल्डरही शुक्रवारचंच.

---

तात्या_टायपिस्ट | मंगळवार, रात्री १०.३६

कडक! हा तर शेरलॉक निघाला. पंखा ठेवलेला युपीएस माझ्याकडे पण आहे, मी त्यावर गणपती ठेवलाय.

---

गोंयकार_सर | बुधवार, दुपारी १.२०

जरा अवांतर, पण नातं जवळचं आहे. मी फोंड्याला एका कॉलेजचा मेल सर्व्हर सांभाळतो. लिनक्स, त्यावर क्लॅमएव्ही हा अँटिव्हायरस. आमच्या टेम्पमध्ये क्लॅमएव्हीच्या नावाची फोल्डर साठायची, आत लोकांच्या मेलच्या उघडलेल्या अटॅचमेंट. मी आधी कॉन्फिग धुंडाळलं. तात्पुरत्या फाइली तशाच ठेव असा पर्याय तिथे आहे, आणि तो मुळातच बंद असतो, म्हणजे ठेवत नाही. मग राहतात कशा?

उत्तर मेमरीत होतं. त्याचा डीमन, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्रॅम, व्हायरसच्या सगळ्या सिग्नेचर (ओळखायच्या खुणा) रॅममध्ये घेऊन बसतो, एक जीबीच्या वर जातो. आणि ०.१०३ व्हर्जनपासून नवीन सिग्नेचर लोड करताना जुन्या हातात ठेवतो, म्हणजे स्कॅनिंग थांबत नाही. छान आहे, पण तेवढा वेळ मेमरी दुप्पट लागते. आमच्या सर्व्हरला रॅम दोनच जीबी. अपडेट आलं की मेमरी संपायची, लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल त्याला मारायचा, आणि तो जे उघडून बसला असेल ते तिथेच. लिनक्सवर वाढपी नाही हो, ज्याने पसरलं त्यानेच आवरायचं. दोष सॉफ्टवेअरचा नव्हता, आमच्या कंजूसपणाचा. रॅम वाढवली, आणि ती येईपर्यंत तो दुहेरी लोडचा पर्याय बंद ठेवला. त्यानंतर फोल्डर नाही.

झेरॉक्सवाले, तुमच्या लाइटची आणि आमच्या रॅमची गोष्ट एकच म्हणायची.

---

मळ्यातला_मल्ल | बुधवार, संध्याकाळी ६.०५

मला पण हाच त्रास होता. मी सेफ मोडमध्ये जाऊन अँटिव्हायरसचं सगळं फोल्डरच उडवलं होतं. ना रहेगा बांस.

---

अर्धवट_इंजिनीअर | बुधवार, संध्याकाळी ६.१२

आणि मग?

---

मळ्यातला_मल्ल | बुधवार, संध्याकाळी ६.१४

मग नेट बंद. वायफाय जोडलेलं दाखवतंय पण एक पान उघडत नाही. शेवटी फॉरमॅट.

---

रिकामटेकडी | बुधवार, संध्याकाळी ७.०१

होणारच. अँटिव्हायरस विंडोजच्या खोल आत आपले फिल्टर बसवतो, फाइलींवर आणि नेटवर्कवर. तुम्ही माणूस हाकललात पण चौकीवरची ड्यूटी त्याच्याच नावावर राहिली, मग गाडी पुढे सोडणार कोण? काढायचाच तर आधी कंट्रोल पॅनेलमधून काढा. त्यातूनही अवशेष राहिले तर बहुतेक कंपन्या स्वतःचं वेगळं रिमूव्हल टूल देतात, ते चालवा.

झेरॉक्सवाल्यांनाही तेच सांगते. हात फक्त विंडोज टेम्पमध्ये घाला. प्रोग्रॅमडेटामधल्या अँटिव्हायरसच्या फोल्डरमध्ये सिग्नेचर असतात, क्वारंटाइन असतं, तिकडे फिरकू नका. टेम्प साफ करताना मशीन रिस्टार्ट करा, पेन ड्राइव्ह काढा, आठवड्याच्या आतलं काही असेल तर राहू द्या. डिस्क क्लीनअपसुद्धा ताज्या टेम्प फाइलींना हात लावत नाही, त्याला कारण आहे. जी फाइल हटत नाही तिच्याशी कुस्ती खेळू नका, ती जिवंत आहे. स्किप.

आणि तुमच्या १० वाल्या मशीनवर दुसरा अँटिव्हायरस तर नाही ना टाकलेला? दोन इंजिनं असली की एकाने टेम्पमध्ये उघडलेली फाइल दुसरा पकडतो, टेम्पमध्ये व्हायरस म्हणून बोंब मारतो आणि कुलूप लावून बसतो. मग पहिल्याला ती पुसता येत नाही.

---

झेरॉक्सवाला | बुधवार, रात्री ९.४०

नाही, एकच आहे. खरं तर दुसरा पण टाकावा असा विचार चालू होता, तो कॅन्सल.

प्रोसेस मॉनिटर लावून बघितलं. जुनी बॅनरची झिप घेतली, दीड जीबीची. स्कॅन सुरू केल्याबरोबर अँटिव्हायरसच्या सर्व्हिसने आकड्यांचं फोल्डर बनवलं, भराभर फाइली लिहिल्या, संपल्यावर सगळ्या पुसल्या. मग मुद्दाम परत सुरू केलं आणि मधेच मेन स्विच बंद. (घरी सांगू नका.) चालू करून बघतो तर फोल्डर जसंच्या तसं, आत माझेच बॅनर.

सहाच्या सहा जीबी उडवले. क्लासवाल्या सरांना फोन करून सांगितलंही. ते म्हणाले, बरं झालं सांगितलंत, आणि विषय बदलला.

उद्या युपीएसची बॅटरी आणतोय.

---

पुणेरी_पाटी | बुधवार, रात्री ९.५५

मेन स्विच परत बंद करू नये.

---

झेरॉक्सवाला | शुक्रवार, रात्री ८.२०

सगळ्यांना अपडेट देतो, मग धागा तुमच्या हवाली.

आज शुक्रवार. दहा वाजून दहा मिनिटांनी लाइट गेली. युपीएस टीं टीं करत राहिला, एका ताईंचा फॉर्म सबमिट केला, पावती सेव्ह केली, मग आरामात शट डाउन. पंखा आता स्टुलावर आहे.

चार वाजता लाइट आली. मशीन चालू केलं आणि आधी टेम्प उघडलं. उलट्या नावाच्या तीनच फाइली, तिन्ही आज चारच्या. डिलीट करून बघितल्या, तिन्ही म्हणाल्या उघडी आहे. स्किप केल्या.